चांगले सूत कुठून येते

सेवाग्रामच्या परिसरात खादीच्या खरेदीचे काम करताना रुई, पेळू (कातण्यासाठी पिंजलेल्या कापसाच्या वळलेल्या वाती), सूत, रंग आणि चरख्याचे सुटे भाग असे सगळेच माझ्या वाट्याला आले. मोठ्या कारखान्याच्या खरेदी विभागात पुरवठादार म्हणजे एक कंपनी, तिचे लेटरहेड आणि तिचा तपासणी अहवाल. आमच्याकडे पुरवठादार म्हणजे घराच्या पडवीत चरखा मांडून बसलेली बाई. ती सुताच्या गुंड्यांची, म्हणजे मोजून गुंडाळलेल्या लडींची, पिशवी घेऊन येते, आणि तशा पिशव्या गावोगावहून येतात. त्या सगळ्या सुताचे मिळून एक थान विणायचे असते आणि पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला ते या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखे लागायला हवे. बुटीबोरीला आणि चाकणला यंत्राचे भाग विकत घेणाऱ्या मित्रांशी बोललो तेव्हा लक्षात आले की दुखणी तीच आहेत. म्हणून हे लिहून काढतो आहे.

१. काय हवे ते मोजता येईल असे लिहावे

नव्या खरेदीदाराला मी आधी १९२९ सालची एक जाहिरात वाचायला सांगतो. अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्यातल्या अटी म्हणजे खरेदीचा तपशील कसा लिहावा याचा वस्तुपाठ आहे. चरखा हलका, सहज हलवता येणारा आणि खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालणारा हवा. बाईला फार श्रम न होता त्यावर सलग आठ तास काम करता आले पाहिजे. आठ तासांत १२ ते २० अंकाचे, म्हणजे तेवढ्या बारीकपणाचे, १६,००० फूट सूत निघाले पाहिजे. किंमत १५० रुपयांच्या वर जाता कामा नये. वेळच्या वेळी देखभाल केली तर तो वीस वर्षे चालला पाहिजे, आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपुढे जाता कामा नये.

यातले कोणतेही कलम वाचून दोन माणसांनी दोन अर्थ काढावेत असे नाही. शिवाय ते यंत्र कोण, कुठे आणि किती वेळ चालवणार हेही तपशिलातच लिहिले आहे. किर्लोस्करांच्या कारखान्यातूनही एक चरखा या स्पर्धेत उतरला होता. पण सगळ्या कसोट्यांना पुरता उतरणारा चरखा आला नाही आणि ते बक्षीस कुणालाच मिळाले नाही. परीक्षकांनी अटी सैल केल्या नाहीत, याचे मला फार मोल वाटते. पैसा तयार होता, गरज निकडीची होती, नावाजलेले कारखानदार दारात होते. तरी जे मागितले होते तेच घ्यायचे होते.

आमच्या खरेदीच्या कागदांत 'चांगले सूत', 'सरळ चाते', 'पक्का रंग' असे शब्द सर्रास असत. ते काढून टाकले. सुतासाठी अंक, पीळ, कस, समानता आणि ओलावा; चात्यासाठी, म्हणजे चरख्याच्या टोकदार सळईसाठी, लांबी, जाडी आणि सपाट काचेवर लोळवल्यावर किती डगमग चालेल, एवढेच लिहायचे. कागद एका पानापेक्षा मोठा झाला की तो कुणी वाचत नाही.

२. मोजायची रीत दोघांची एकच असावी

सुताचा अंक काढणे सोपे आहे. आज खादीची गुंडी १,००० मीटरची असते. तिचे ग्रॅममध्ये वजन करायचे आणि एक हजाराला त्याने भागायचे. गुंडी ५० ग्रॅम भरली तर सूत २० अंकाचे, ४० ग्रॅम भरली तर २५ अंकाचे. जुन्या कातणाऱ्या मात्र अजून तारांचा हिशेब सांगतात: चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, गुंडी. ही गुंडी मीटरमध्ये हजाराच्या बरीच आत राहते. तेव्हा गुंडी कोणती, सूत गुंडाळायच्या फाळक्याचा घेर किती, हे आधी ठरल्याशिवाय वजनावर बोलण्यात अर्थ नसतो.

त्यातही हवा मध्ये येते. कापूस हवेतला ओलावा पितो. कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा हा व्यवहारातला ठरलेला आकडा आहे. पण वर्ध्याच्या मे महिन्यात पडवीत ठेवलेल्या सुतात तो चार टक्क्यांवर आला आणि श्रावणात अकरावर गेला, तर ५० ग्रॅमची तीच गुंडी एकदा ४८ ग्रॅमच्या आत भरेल आणि एकदा ५१ च्या वर. म्हणजे तेच सूत उन्हाळ्यात २१ अंकाच्या जवळ आणि पावसाळ्यात साडेएकोणीस. सुताला हात लावला नाही, तरी निकाल बदलला! म्हणूनच प्रयोगशाळेत २७ अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता राखून, सूत त्या हवेत मुरल्यावर तपासणी करतात. आमच्या गोदामात अशी खोली नाही. पण आलेले सूत रात्रभर एका खोलीत पसरून ठेवणे, रोज त्याच सुमारास तोलणे आणि भिंतीवरच्या आर्द्रतामापकाचा आकडा वजनाशेजारी लिहिणे एवढे कुणालाही जमते. काट्याची परीक्षाही पुरवठादाराच्या डोळ्यांदेखत व्हावी. वजनाचा ठोकळा तिने स्वतः काट्यावर ठेवून पाहिला की पुढचे निम्मे वाद होतच नाहीत.

३. सूत बिघडले की आधी पेळू पाहावा

या कामात मला जे सांगायचे आहे त्याचा गाभा इथे आहे. एका गावातून सलग तुटके, जाडे-बारीक सूत येऊ लागले. कार्यालयात सगळ्यांचे मत एकच होते: बायका घाई करतात. मी गावात गेलो. ज्यांच्याकडे चौकशी करायची त्या बाईंनी काही न बोलता पेळू उन्हात धरला आणि म्हणाल्या, "भाऊ, पेळूच असा आला त मी काय करू?"

पेळूत बारीक गुठळ्या होत्या. मधेच तो जाड, मधेच विरळ. हात कितीही तयार असला तरी अशा पेळूतून एकसारखा तार निघत नाही. जाड जागी पीळ कमी बसतो आणि विरळ जागी जास्त. तार तुटतो तो कमी पीळ पडलेल्या किंवा फारच बारीक झालेल्या जागी. आणि हा पेळू तिला दिला कुणी? आपणच. म्हणजे सुताच्या व्यवहारात ती आपली पुरवठादार, आणि पेळूच्या व्यवहारात आपण तिचे. मोठ्या कारखान्यांतही हेच घडते. पोलाद, साचा, नकाशा खरेदीदाराने द्यायचा आणि भाग वाकडा निघाला की बोट कारागिराकडे दाखवायचे.

तिथून मागे मागे गेलो. पेळू ज्या रुईचा, ती जिनिंगमधून आली होती. जिनिंगमध्ये आलेल्या कापसात उशिराच्या वेचणीचा आणि फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही ठेवलेल्या झाडांचा, माल मिसळला होता. अशा कापसाचे बरेचसे तंतू पुरते पिकलेले नसतात. ते पातळ आणि लुळे असतात, पिंजताना गुरफटतात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. किडका, डागाळलेला कवडीचा कापूस वेगळा न काढता त्यातच गेला होता. त्याहून मागे गेल्यावर शेत लागले. वेचणीची मजुरी किलोवर असते. भरभर वेचले तर दोन पैसे जास्त मिळतात, मग बोंडाबरोबर वाळकी पाने येतात. सकाळी दव असताना वेचलेला कापूस जड भरतो. वेचणाऱ्या बाईने स्वच्छ कापूस काढावा असे आपल्याला वाटते, पण आपण पैसे मोजतो ते वजनाचे. मग ती वजनच वाढवील. तिच्या जागी मी असतो तर तेच केले असते.

स्वच्छ वेचणीसाठी किलोमागे थोडी जास्त मजुरी, वेचणी दव उतरल्यावर, आणि प्लॅस्टिकच्या पोत्यांऐवजी सुती पिशव्या, या तीन गोष्टी शेतकऱ्यांशी बोलून ठरवल्या. पिशव्यांचे कारण सांगायला हवे. पोत्याची प्लॅस्टिकची सुतळी कापसात मिसळली तर ती जिनिंगमध्ये तुकडे तुकडे होऊन रुईत पसरते. पांढऱ्या सुतात ती दिसत नाही. कापड विणून झाले, रंगात घातले की मग कळते, कारण आमचे वनस्पतिजन्य रंग त्या धाग्यावर चढतच नाहीत. निळ्या थानावर पांढऱ्या रेघा उमटतात. तोवर वेचणी, जिनिंग, पिंजण, कताई, विणकाम आणि रंगाई इतक्या सगळ्यांची मजुरी त्या कापडात गेलेली असते. एक सुती पिशवी त्या मानाने किती स्वस्त! केस आणि गुटख्याच्या पुड्यांचे तुकडेही असेच वाटेत भेटतात, पण सुतळीइतका छळ कशाचाच नाही.

दारात आलेल्या मालाची तपासणी कितीही कडक केली तरी ती फक्त निवड करते. सूत चांगले होते ते पडवीत, आणि त्याच्याही आधी शेतात.

४. प्रत्येक गुंडीला तिची वाट सांगता आली पाहिजे

माल नेमका कुठला, हा प्रश्न आपल्या वर्धा जिल्ह्याला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात 'हिंगणघाट' हे कापसाच्या बाजारात उत्तम देशी मालाचे नाव होते. नाव मोठे झाले की त्या नावाखाली दुसरा माल खपतो. १८६० नंतरच्या दशकात मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कॉटन कमिशनर रिव्हेट-कार्नॅक हिंगणघाटचे बी शुद्ध कसे राहील या खटाटोपात होता. मुंबई इलाख्यात कापसातल्या भेसळीविरुद्ध १८२९ मध्ये नियम झाला, १८६३ मध्ये कायदा झाला आणि पुढेही पुन्हा पुन्हा कायदे करावे लागले. शिक्षेच्या धाकाने भेसळ थांबली नाही.

त्या मानाने १९२५ चा जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा मला शहाणा वाटतो. प्रेसमधून निघणाऱ्या प्रत्येक गाठीवर त्या कारखान्याची खूण आणि अनुक्रमांक घालण्याची सक्ती त्याने केली. गाठ मुंबईच्या गिरणीत फोडली आणि आत माती निघाली, तरी ती कुठल्या प्रेसची हे सांगता येऊ लागले. आम्ही हेच छोट्या प्रमाणावर केले. पेळूच्या प्रत्येक वाटपाला क्रमांक, गुंडीला कापडी चिठ्ठी, चिठ्ठीवर गाव, कातणारीचा क्रमांक आणि पेळूचा क्रमांक. वरच्या कलमातला शोध मला लावता आला तो या चिठ्ठीमुळे.

५. सर्वांत कमी दर हा दर नव्हे

या विषयावर आपल्या भागात १९३५ सालीच फार खोल विचार झाला होता. वर्ध्याजवळ नालवाडीत असताना विनोबांनी कताईच्या मजुरीवरच पोट भरण्याचा प्रयोग करून पाहिला. त्याच सुमारास गांधीजी आठ तासांच्या कताईला आठ आणे मजुरी मिळावी असा आग्रह धरत होते. चरखा संघाने त्या वर्षी ऑक्टोबरात ठराव केला की कातणारीची मजुरी अपुरी आहे, ती वाढवली पाहिजे. वर्षाला २० वार कापड आणि शास्त्राने ठरवलेला किमान आहार एवढे तरी तिला त्यातून भागवता आले पाहिजे. खादी महागेल, खपणार नाही, अशी भीती अनेक कार्यकर्त्यांनी तेव्हा बोलून दाखवली.

खरेदीच्या नजरेने पाहिले तर त्या ठरावात एक शब्द फार महत्त्वाचा आहे: ही मजुरी आठ तासांच्या 'कार्यक्षम' कामाची होती. मजुरी आणि कामाची पत एकाच ओळीत बांधली होती. पोट भरेल इतका दर दिला की मग खरेदीदाराला कसाबद्दल, समानतेबद्दल हक्काने बोलता येते. अर्धपोटी ठेवून दर्जा मागणारा माणूस दर्जा मागत नसतो, फुकट काम मागत असतो. अमेरिकन गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांनी पुढे उद्योगपतींना केवळ किमतीच्या चिठ्ठीवर खरेदी करणे सोडा असे सांगितले, तेव्हा जगभर त्याचा गाजावाजा झाला. वर्ध्यात हे आधी, आणि अधिक माणुसकीने, मांडले गेले होते.

एप्रिल २०२५ पासून खादीच्या कताईला गुंडीमागे १५ रुपये झाले आहेत. आधीच्यापेक्षा बरे, पण दिवसभराच्या श्रमाला हे पुरेसे आहे असे मला म्हणवत नाही.

६. पुरवठादाराच्या घरी जावे

धाड घालायला नव्हे. पेळू कुठे ठेवला आहे, चुलीचा धूर त्याच्यावर येतो का, चरख्यावर उजेड कुठून पडतो, माळ सैल झाली आहे का, चाते वाकले आहे का, हे पाहायला. बरोबर एक नवे चाते आणि तेलाची बाटली न्यावी. अर्ध्या तासात जे दुरुस्त होते त्यासाठी पत्रव्यवहार महिनाभर चालतो.

७. सगळे तपासण्यापेक्षा थोडे तपासून सगळे लिहून ठेवावे

प्रत्येक गुंडी पाहायची म्हटले तर पाहणाऱ्याचे डोळे दुपारपर्यंत थकतात आणि संध्याकाळी सगळेच पास होते. त्यापेक्षा प्रत्येक पिशवीतून हाताला येतील त्या काही गुंड्या काढाव्यात. वरच्याच काढू नयेत, कारण वरच्या नेहमी देखण्या असतात. त्यांचा अंक आलेखाच्या कागदावर ठिपक्याने नोंदवावा. ही रीत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये अमेरिकेत टेलिफोनची सामग्री बनवणाऱ्या कारखान्यांसाठी काढली. स्वातंत्र्याच्या सुमारास, १९४७-४८ मध्ये, ते भारतातही येऊन गेले. टेलिफोनसाठी काढलेला हा कागद हातसुताला तितकाच उपयोगी पडतो. एखादीचे ठिपके हळूहळू एकाच दिशेने सरकू लागले की सूत अजून मर्यादेत असतानाच कळते, चाते झिजले आहे, किंवा तिच्या डोळ्यांना चष्मा लागला आहे. दोन्हींचा इलाज होऊ शकतो. ठिपके मधूनच उड्या मारत असतील तर मात्र पेळूकडे वळावे.

८. परत करायचे तर कारण हातात द्यावे

नापास सूत पुरवठादाराला न दाखवता मजुरीतून गुपचूप कापण्याची वाईट खोड अनेक ठिकाणी पाहिली. त्याने सूत सुधारत नाही, विश्वास मात्र जातो. नापास गुंडी समोर उलगडावी, तार कुठे तुटतो ते तिच्याच हाताने ताणून पाहू द्यावे. हे आठवड्याच्या आत झाले तर तिला आठवते की त्या दिवसांत घरी आजारपण होते, किंवा पेळू ओला होता. दोन महिन्यांनी केलेली तक्रार म्हणजे नुसता अपमान. चांगल्या गुंड्यांचे पैसे त्याच दिवशी द्यावेत. वादातल्या गुंड्यांसाठी बाकीचे अडवून ठेवू नयेत.

वाद मिटलाच नाही तर तिसऱ्याकडे जावे. वर्ध्यात मगनवाडीला महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. तिथे खादी आणि वस्त्रविद्येचा स्वतंत्र विभाग आहे. काट्यावरचे आणि हाताच्या अंदाजाचे भांडण यंत्राच्या आकड्यावर आले की दोन्ही बाजू शांत होतात.

९. मान्य नमुना दोन्हीकडे असावा

रंगाच्या बाबतीत शब्द आणि आकडे दोन्ही तोकडे पडतात. पळसाची फुले सावलीत वाळवली की उन्हात, हिरडा कोणत्या हंगामात गोळा केला, यावर छटा बदलते. तेव्हा मान्य कापडाचा तुकडा मधोमध कापावा, दोघांनी सही करावी, एकेक अर्धा आपल्याकडे ठेवावा. तो बंद पाकिटात, अंधारात ठेवायचा, कारण असे रंग उजेडात उडतात आणि उडालेल्या नमुन्याशी ताडून चांगला माल नापास होतो. पाहायचे ते दिवसाच्या उजेडात.

राष्ट्रध्वजाच्या कापडासाठी तर देशाचे पहिलेच मानक आहे, आयएस १. आपल्या मराठवाड्यात उदगीरला ते कापड विणले जाते आणि नांदेडला ध्वज तयार होतात. तिथे धाग्यांची संख्या, वजन, कस, रंगाचा पक्केपणा यांतले काहीही अंदाजावर सोडलेले नाही. साध्या सदऱ्याच्या कापडाला इतका कडक कागद लागणार नाही, पण जिथे चूक अजिबात चालणार नाही तिथे तो कसा दिसतो, हे पाहून ठेवावे.

१०. खरेदी हंगामाआधी सुरू होते

दिवाळीनंतर बाजारात जाऊन चांगला कापूस शोधणाऱ्याला उरलेला कापूस मिळतो. कोणते वाण पेरायचे हे मृगात ठरते. गावरानी कापसाचा तंतू आखूड आणि जाड. त्यातून टिकाऊ जाडे सूत उत्तम निघते, पण त्याच्याकडे बारीक अंक मागितला तर शेतकरी आणि कातणारी दोघांचीही फसगत होते. म्हणून पुढच्या वर्षी कोणत्या अंकाचे किती कापड लागेल याचा अंदाज विक्री विभागाकडून मी उन्हाळ्यातच घेतो आणि पेरणीआधी तो शेतकऱ्यांपुढे ठेवतो. नवा शेतकरी किंवा नवे गाव जोडायचे असेल तर पहिल्या वर्षी थोडाच माल घेतो, त्याची कताई-विणाई पूर्ण होऊ देतो आणि मगच पुढचे बोलतो. घाई असली की हीच पायरी गाळली जाते आणि तीच महागात पडते.

पहिली वेचणी दसऱ्याच्या आसपास सुरू होते. त्याआधी सुती पिशव्या घरोघर पोचल्या नाहीत तर शेतकरी हाताशी असलेले प्लॅस्टिकचे पोतेच वापरणार. म्हणून पिशव्यांचे कापड आता श्रावणातच शिवायला टाकतो.